कोऱ्हाळ्याचा ऱ

"भाऊ, तुमचं डोळं शाबूत हायेत ना? मंग ह्ये दोन कागद वाचा आन् यात फरक काय ते सांगा."

सकाळचे साडेआठ. राजूरचा पाऊस एकदाचा उघडलेला, अंगणातल्या तारेवर तीन दिवसांचे ओले कपडे, आणि शेराच्या कुंपणावरून आलेला आक्कांचा हात. हात जपून उंच धरलेला, कारण शेराचा चीक डोळ्यात गेला की माणूस दिवसभर रडतो. मी चहाची कपबशी पाण्याच्या टाकीवर ठेवली आणि कागद घेतले.

एकावर आक्कांच्या लेकीचं नाव, खाली पत्ता : मु. पो. कोऱ्हाळे, ता. राहाता. दुसऱ्यावरही तेच नाव, तेच कोऱ्हाळे. मी चष्मा वर केला, खाली केला.

"फरक काही नाही, आक्का."

"नाय ना? मंग तिथला पोरगा म्हनतो, मॅच व्हत नाय. दोन येळा गेली माझी लेक. बाई, तुमच्या गावाचं नाव चुकीचं हाये, म्हनतो. आता गावाचं नाव चुकीचं आसंल तर गाव कुठं जाईल?"

'तिथला' म्हणजे कुठला, हे मी इथे लिहीत नाही. पोरगा काही खोटं बोलत नव्हता, आणि अशी खिडकी आता गावोगाव आहे.

"आक्का, ही खोडी पोराची नाही. ही ऱ ची खोडी."

"कुनाची?"

माझा धंदा अक्षरांचा. स्टँडजवळच्या गाळ्यात लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, सप्ताहाची हँडबिलं, अर्ज, उतारे, जे येईल ते टाइप करतो. पंचवीस-तीस वर्षं कळफलक बडवल्यावर एक गोष्ट कळली आहे. मराठीतला प्रत्येक र साधा नाही. गुरुजींनी शाळेत शिकवलेलं : 'प्र'मधला पायाशी, 'ट्र'मधला कोनातला, 'सूर्य'मधला डोक्यावरचा, म्हणजे रफार. आणि एक चौथा, जो 'दऱ्या'मध्ये बसतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे आपल्या रतनगडाखालच्या. र बदलला की सह्याद्रीचा समुद्र होतो.

"त्ये तर आमाला बोलताना कळतंच की," आक्का म्हणाल्या.

"बोलताना कळतं. कॉम्प्युटरला बोलता येत नाही, त्याला नुसते आकडे कळतात. र चा आकडा २३५२. त्याच्या शेजारच्या ऱ चा २३५३. पायमोडक्याचा २३८१. देवनागरीला मिळून १२८ खोल्यांची एक चाळ दिलेली आहे, २३०४ पासून २४३१ पर्यंत. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला आपली खोली. जगातल्या कुठल्याही फोनवर, कुठल्याही कंपनीच्या, २३५२ म्हटलं की र."

आक्कांनी पदर खोचला. याचा अर्थ बैठक लांबणार. त्यांच्या बाजूला, कुंपण जिथं वळतं तिथं, एक धोंडा आहे. त्या त्याच्यावर टेकल्या.

"आन् ह्ये आकडं कुनी ठरावलं? कलेक्टरनं?"

इथं मला बरं वाटलं. माणसं सहसा हा प्रश्न विचारतच नाहीत. आकडे आभाळातून पडलेत असं धरून चालतात.

कलेक्टरनं नाही, सरकारनंही एकट्यानं नाही. सुरुवात आपल्याकडेच झाली. १९८० च्या दशकात दिल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक आकडेपद्धत बांधली, तिला इस्की म्हणतात. तिची १९८८ ची एक आवृत्ती होती. मग भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्ये ती सुधारून आयएस १३१९४ या क्रमांकानं मानक म्हणून काढली. त्याच १९९१ च्या जानेवारीत तिकडे कॅलिफोर्नियात युनिकोड नावाची संस्था नोंदवली गेली. सगळ्या जगाच्या लिप्या एकाच वहीत मांडायच्या, हा तिचा उद्योग. त्यांनी देवनागरीची चाळ बांधताना आपल्या इस्कीचाच नकाशा समोर ठेवला. पण १९८८ चा. इकडे आपण तोवर नकाशा सुधारत बसलो होतो.

"म्हंजे पत्रिका एक पाहिली आन् लगीन लागायच्या टायमाला दुसरीच."

"अगदी. सोयरीक मोडली नाही, पण त्या दिवसापासून थोडी कुरकूर आहेच."

आक्कांना आयएसआय ठाऊक. विहिरीवरच्या मोटारीवर तो शिक्का नव्हता म्हणून त्यांनी एकदा दुकानदाराला मोटार परत घ्यायला लावली होती. त्याच संस्थेचं आजचं नाव मानक ब्युरो, हे मी सांगत होतो तेवढ्यात रस्त्यावरून गुरुजी चालले होते. निवृत्त झाले तरी वर्ग सुटलेला नाही. ते दुधाची किटली हलवत तिथूनच म्हणाले, "१९४७ साली स्थापना. आणि पहिलं मानक कशाचं काढलं माहितीय? तिरंग्याचं. आयएस १, साल १९५१. कापड, रंग, मापं, सगळं." आणि थांबलेच.

"या गुरुजी. लेकीच्या गावाचं नाव चुकलंय म्हनं," आक्का म्हणाल्या.

गुरुजींनी कागद हातभर लांब धरला. "कोऱ्हाळे. शुद्धलेखन बरोबर आहे. यात चूक काढणाऱ्याला छड्या द्याव्या लागतील."

तर चूक कुठं आहे ते दाखवायला मी लॅपटॉपच बाहेर आणला आणि टाकीवर ठेवला. आक्कांच्या लेकीनं दोन्ही नोंदी फोनवर पाठवल्या होत्या. त्या मी एकाखाली एक चिकटवल्या.

कोऱ्हाळे
कोर्‍हाळे

गुरुजी, आक्का आणि मी, तिघांनी पाहिलं. कागदावर दिसत होतं तेच. मग मी पहिल्या शब्दातले आकडे मोजणारी खिडकी उघडली. क, ओकाराची मात्रा, ऱ, पायमोडकं, ह, काना, ळ, एकाराची मात्रा. आठ मणी. दुसऱ्याचे उघडले. क, ओकार, साधा र, पायमोडकं, मग एक काहीतरी, ह, काना, ळ, एकार. नऊ.

"नववा मनी कुठं हाये?" आक्का स्क्रीनला नाक लावून.

"आहे, पण दिसत नाही. तो नुसता सांधा आहे. शेजारच्या दोघांना सांगतो, असं असं जुळा. त्याचा आकडा आपल्या चाळीतला नाहीच, लांबचा आहे. ८२०५."

"आन् तरी छापल्यावर सारखंच?"

सारखंच. आणि दोन्ही बरोबर! हीच तर गंमत. हा र काढायचे दोन रस्ते युनिकोडच्या नियमाच्या पुस्तकातच लिहिलेले आहेत. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या हिशेबानं साधा र, पायमोडकं आणि तो न दिसणारा सांधा. आपल्या इस्कीच्या रीतीनं मात्र २३५३ चा ऱ आणि पायमोडकं, सांधा नको. पुढे पुस्तकात इस्कीचा रस्ता मुख्य झाला. जुना बुजवला नाही, कारण त्या रस्त्यानं लिहिलेलं लिखाण एव्हाना लोकांच्या घरात पोचलं होतं. म्हणून तोही चालू. कॉम्प्युटर मात्र मणी मोजतो. आठ आणि नऊ एक नाहीत, असं त्याचं साधं म्हणणं.

माझ्या कळफलकावर शिफ्ट दाबून इंग्रजी जे ची कळ दाबली की ऱ येतो. इनस्क्रिप्ट शिकलेला माणूस तसाच लिहितो. ज्यांची बोटं दुसऱ्या पद्धतीवर बसलीत त्यांच्याकडून नकळत नववा मणी पडतो. कुणालाही विचारा, तो म्हणेल, मी ऱ च काढला.

ऱ ची अजून एक कथा आहे, ती गुरुजींना आवडली. युनिकोडच्या यादीत या ऱ समोर जी टीप आहे, तिच्यात आधी म्हटलंय की हे अक्षर द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहून दाखवण्यासाठी. पुढे जोडलंय, याचं अर्धं रूप म्हणजे 'पापणीचा र'. म्हणजे खोली दाक्षिणात्य पाहुण्याच्या नावावर आणि राहतो आपण.

"पापनी?" आक्कांनी माझ्या वहीवर काढलेला ऱ्ह निरखला. "मला तर त्यो इळ्यावानी दिसतो."

"साहेबाला पापणी दिसली."

"त्यानं कधी गवात कापलं नसंल."

या ऱ नं मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. जुने मराठी फॉन्ट ज्याचे त्याचे होते, एकाचा क दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतंच काही व्हायचा. मग सगळं युनिकोडात आणायची लाट आली तेव्हा मी जुन्या फायली एका फुकटच्या साधनातून बदलून घेतल्या. ते साधन ऱ ओळखत नव्हतं. सप्ताहाचं हँडबिल होतं. काल्याच्या दिवशी आचाऱ्यांचा सत्कार, असं छापायचं, कारण आठ दिवस त्या लोकांनी चुलीपुढं घाम गाळलेला. छापून आलं, 'आचार्यांचा सत्कार'. पाचशे प्रती. लोक विचारू लागले, आचार्य कुठले, आळंदीचे का पैठणचे? मुख्य आचारी खूश. त्यानं नवं धोतर नेसून सत्कार घेतला आणि पुढचे सहा महिने गावात त्याला आचार्यच म्हणत होते. छपाईचे पैसे मात्र मला निम्मेच मिळाले.

"मंग एक रस्ता बंद करून टाकायचा ना सरळ," आक्का म्हणाल्या. "कोन हाये त्यो, त्याला सांगायचं."

तो कुणी एक नाही, हे सांगायला जास्त वेळ लागला. अशा कामांना मालक नसतो, बैठक असते. युनिकोडची तांत्रिक समिती वर्षातून साधारण चार वेळा बसते. अर्ज कुणीही करू शकतो, अगदी मीसुद्धा, राजूरहून. फक्त पुरावा लागतो. हे अक्षर अमुक पुस्तकात, अमुक पाटीवर, अमुक वहीत असं छापलेलं आहे, ही पाहा चित्रं. नवं अक्षर घरी बसून शोधलं तर कुणी दारात उभं करत नाही. लोक वापरताहेत का, हा पहिला प्रश्न. तिथून कागद जातो आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या समितीकडे, कारण तिचं आणि युनिकोडचं पुस्तक पानाला पान जुळलेलं ठेवायचं असं ठरलेलं आहे. तिथं देश मत देतात, आपल्याकडून मानक ब्युरो. आणि नाही म्हणायचं तर नुसतं नाही म्हणून भागत नाही. का नाही, आणि काय बदललं तर हो म्हणाल, हे लिहून द्यावं लागतं.

"ह्ये झ्याक हाये," आक्का. "आमच्या बचत गटात ही पद्धत पाहिजे. एक जन हाये, तिचं नाव नाय घेत, परत्येक कर्जाला नाय म्हनती. का? तर आसंच."

"आणि शेवटी बहुमतानं करतात का?" गुरुजींनी विचारलं.

बहुमतानं नव्हे, सहमतीनं. आणि सहमती म्हणजे सगळे खूश, असंही नाही. त्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सहमती या शब्दाची व्याख्याच करून ठेवली आहे. तिचा मतलब असा : ज्यांचा कामाशी खरा संबंध आहे त्यांच्यापैकी कुणी महत्त्वाच्या मुद्द्यावर शेवटपर्यंत अडून बसलेलं नसावं, आणि प्रत्येकाचं म्हणणं ऐकून, भांडणं मिटवायचा प्रयत्न झालेला असावा. सगळ्यांनी हो म्हणायलाच हवं, अशी अट नाही.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या इंजिनिअरांची तर याहून तऱ्हा. त्यांच्या बैठकीची जुनी रीत अशी की हात वर करून मोजायचे नाहीत. अध्यक्ष विचारतो, हे पसंत असणाऱ्यांनी गुणगुणा. सगळे तोंड मिटून 'हंऽऽ' करतात. मग नापसंत असणाऱ्यांनी गुणगुणा.

आक्का इतक्या हसल्या की गोठ्यातली गाय वळून बघायला लागली. "भजन हाये का काय त्ये?"

"त्यात शहाणपण आहे," गुरुजी गंभीर. "हात वर केला की कोण कुणाच्या बाजूचा ते दिसतं. गुणगुणण्यात चेहरा नसतो."

गुरुजी म्हणाले ते खरंच. शिवाय गुणगुणण्यात आकडा निघत नाही. कमी आवाज कुठून आला तेवढं कळतं, आणि मग अध्यक्षानं त्या कोपऱ्याला विचारायचं असतं, बाबांनो, अडचण काय आहे? अडचण खरी असली तर चार जणांचा आवाज चारशेंना थांबवतो. अडचण ऐकून, उत्तर देऊन झालं, आणि तरी कुणाला पटलं नाही, तर काम पुढं जातं. त्या मंडळींचा डेव्हिड क्लार्क म्हणून एक जण १९९२ साली सांगून गेला, आम्ही राजे-अध्यक्ष मानत नाही, मतदानही मानत नाही. ढोबळ सहमती आणि चालून दाखवलेलं काम, एवढंच मानतो.

चालून दाखवलेलं म्हणजे काय, हे आक्कांना माझ्याआधी कळलं. "आमच्या डांगीवानी." त्यांच्या भावाचा बैल राजूरच्या प्रदर्शनात उभा राहिलेला आहे, त्यामुळे हा विषय निघाला की माघार नाही. डांगी बैल कसा ओळखायचा? कातडीला तेलाचा हात फिरवल्यासारखी ओल, पाऊस अंगावरून ओघळून जातो. खूर काळे, गारगोटीसारखे टणक, चिखलात कुजत नाहीत. "ह्ये कुनी कागदावर बसून ठरावलं का? पावसानं ठरावलं. जी जनावरं खाचरात टिकली ती डांगी. मंग तुमचं सरकार आलं आन् लिहून घेतलं." कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोकडे जनावरांच्या जातींची नोंद होते, त्यात डांगी आहे. आक्कांचं म्हणणं थोडं कडक आहे, पण खोटं ठरवायला मला काही सुचलं नाही.

मला एवढंच म्हणायचं होतं की हे सगळं ठरवणाऱ्यांत कोण बसलंय तेही बघावं. दार सगळ्यांना उघडं आहे हे बरोबर. पण युनिकोडच्या समितीत मताचा हक्क असलेले सभासद बहुतेक मोठमोठ्या कंपन्या. पैसे भरायचे, माणूस बसवायचा, वर्षानुवर्षं बसवून ठेवायचा. जो बैठकीला येतो त्याचं अक्षर लवकर बसतं. सप्ताहाच्या पंगतीत लापशी की बुंदी, हे गावानं ठरवलं असं आपण म्हणतो. ठरवलेलं असतं त्या रात्री मंदिरात जागे असलेल्या अकरा जणांनी.

ॲ चंच बघा. ॲडमिशन, ॲल्युमिनियम, ॲसिडिटी, आपल्या तोंडात रोजचे शब्द. हिंदीवाले याला ए वर चंद्र काढून ऍ लिहितात, त्याला चाळीत पहिल्या दिवसापासून खोली, २३१७. आपण मराठी अ वर चंद्र काढतो. त्याला खोली नव्हती. सतरा वर्षं आपण अ घेऊन त्यावर सुटा चंद्र चिकटवत होतो, आणि तो कधी नीट बसायचा, कधी शेजारी जाऊन पडायचा. शेवटी २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये, २४१८ नंबरची खोली मिळाली. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ ला, महाराष्ट्र शासनानं मराठीची वर्णमाला आणि देवनागरी लिपी कशी असावी याचा निर्णय काढला. ॲ, ऑ वर्णमालेत रीतसर येऊन बसले.

"सतरा वर्सं एका अक्षराला!"

"आणि रुपयाचं चिन्ह? १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारनं उदय कुमार यांचं चिन्ह पसंत केलं. त्याच ऑक्टोबरमध्ये युनिकोडात नंबर पडला, ८३७७. तीन महिन्यांत."

आक्का गुरुजींकडे बघून म्हणाल्या, "पैशाचं काम कधी आडतं का?"

पण आक्कांचा मूळ प्रश्न बाकी होता. एक रस्ता बंद का नाही करत? चूक दिसतेय, सगळ्यांना दिसतेय, तर दुरुस्त करा.

याचं उत्तर मी लॅपटॉपवर दिलं नाही. आक्का बसल्या होत्या तिथं बोट दाखवलं.

आमच्या दोघांच्या मधलं हे कुंपण सरळ नाही. रस्त्याकडून निघतं, मध्यावर येऊन माझ्या बाजूला चार हात वाकतं, आणि मग पुन्हा सरळ होतं. बाहेरचा माणूस विचारतोच, असं का? तर तिथं जांभूळ होतं. माझे वडील म्हणत, जांभूळ आमचं. आक्कांचे मालक म्हणत, बुंधा तुमच्याकडं असेल, मुळं आमच्याकडं आहेत. दोन उन्हाळे बोलणं बंद. मग गावातली चार माणसं बसली, चहा झाला, तंबाखू झाली, आणि ठरलं असं की कुंपण जांभळाला वळसा घालून जाईल. झाड आक्कांकडं, जांभळं निम्मी आमच्याकडं. वडील घरी येऊन म्हणाले, फसलो. तिकडं आक्कांच्या मालकांनीही घरी जाऊन तेच म्हटलं, हे मला आक्कांनी पुढं कधीतरी सांगितलं. पण पुन्हा कुणी अडून बसलं नाही.

जांभूळ एका वादळात पडलं, त्याला आता वीस वर्षं झाली असतील. वळसा तसाच आहे.

"का नाही सरळ केला, आक्का?"

"आवं, माझा गोठा त्या वळशात हाये!"

"आणि माझी पाण्याची टाकी इकडं वळशाला धरून बांधलीय."

आकड्यांच्या चाळीतही असंच आहे. एकदा एखाद्या अक्षराला खोली दिली की ती काढून घ्यायची नाही, खोलीचं नाव बदलायचं नाही, असा तिथला पक्का नियम आहे. नाव चुकलं असलं तरी. एका कंसाच्या चिन्हाच्या इंग्रजी नावात 'ब्रॅकेट' लिहिताना अक्षरं मागंपुढं झाली, आणि ती चूक आजही अधिकृत यादीत तशीच छापलेली असते. शेजारी शुद्ध नावाची चिठ्ठी लावली, पण पाटी तीच. कारण कुणी कुठं त्या नावावर गोठा बांधला असेल ते सांगता येत नाही. जुन्या रस्त्यानं लिहिलेले किती सातबारे, किती दाखले, किती जणांच्या आयुष्याचे कागद पडून आहेत. रस्ता बंद केला तर त्या सगळ्यांतला र रफार होऊन डोक्यावर चढेल.

गुरुजींना हे फारसं पटलं नाही. "चूक ती चूक. वहीत खोडून शेजारी बरोबर लिहायचं असतं."

"वही एक असेल तर, गुरुजी. कोट्यवधी वह्या असल्या तर?"

"म्हणून वर्गात एकच फळा असतो," असं म्हणून ते किटली घेऊन निघाले. विरोध नोंदवून गेले म्हणायचं. मनातल्या मनात मला त्यांचं थोडं पटतंसुद्धा. जुनं मोडायचं नाही हे ठीक, पण शोधणाऱ्या कॉम्प्युटरला दोन्ही र ची ओळख करून द्यायला काय हरकत आहे? ते काम आकडे ठरवणाऱ्यांचं नाही, ज्यानं ती खिडकी बांधली त्याचं. धर्मशाळेच्या मुनिमाला एवढं कळायला हवं की पाहुणा पुढच्या दारानं आला काय, मागच्या दारानं आला काय, माणूस तोच. पुष्कळ ठिकाणी मुनिमाला ते शिकवलेलं असतं, काही ठिकाणी नसतं. तिथं आक्कांच्या लेकीला राहाता तालुक्यातून फेऱ्या.

"त्ये सगळं ऱ्हाऊ द्या," आक्का उठल्या. "माझ्या लेकीचं काय करायचं?"

कोणता कागद बदलायचा, हा प्रश्न सोपा नव्हता. मला शोभणारा रस्ता म्हणजे नव्या रीतीचा शुद्ध आठ मण्यांचा ऱ. पण त्या खिडकीच्या मूळ यादीत बसलाय नऊ मण्यांचा, आणि ती यादी आपल्या हातात नाही. तेव्हा मी माझी विद्या गुंडाळून ठेवली. यादीतला शब्द जसाच्या तसा उचलला, अदृश्य सांध्यासकट, लेकीच्या फोनवर पाठवला आणि लिहिलं : गावाचं नाव टाइप करायचं नाही, हेच उचलून तिथं चिकटवायचं. वर एक अक्षरही हाताळायचं नाही.

"म्हंजे चुकीचंच टाकायचं?"

"चुकीचं नाही, आक्का. जुनं."

"तुमच्या वडलांवानी बोलाया लागलात," एवढं म्हणून त्या गोठ्याकडं वळल्या. हे कौतुक होतं की टोमणा ते मला अजून कळलेलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा कुंपणावरून हाक. काम झालं होतं. पहिल्या फटक्यात नाव सापडलं, पोरगा म्हणे चकित झाला, काय केलंत म्हणून विचारत होता. आक्कांनी त्याला काय सांगितलं? "म्हनलं, आमच्याकडं एक मानूस हाये, त्यो न दिसनारं टाइप करतो."

लेक माहेरी आली होती, धाकट्या नातवासकट. वळशापाशी शेर जरा विरळ आहे, तिथून आक्कांनी कागदात बांधलेले राजूरचे पेढे पुढं केले. "नऊ हायेत, मोजून घ्या. उगाच मागनं म्हनाल."

मी कागद उलगडला आणि मोजले. आठ.

"आक्का, नववा?"

"हाये, पन दिसत नाय," आक्का म्हणाल्या. त्यांच्या पदराआडून नातवाचे गाल हलत होते.